घोरपड कुणाची

मी, तक्रारदाराची आई आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिची सासू, वय सहासष्ट वर्षे, धंदा पोहण्याच्या तलावावर महिलांची प्रशिक्षक, आता निवृत्त, राहणार पाण्याच्या टाकीसमोरची चार मजली इमारत, दुसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी आणि माझी सून अशा दोघी राहतो. घर माझ्या नावावर आहे. माझा एकुलता एक मुलगा, म्हणजे तक्रारदार, गेल्या वर्षापासून वेगळा राहतो. तो का वेगळा राहतो हे मला विचारण्यात आले. त्याचा मोटरसायकलशी संबंध नाही, म्हणून मी उत्तर दिले नाही. मुलगा बाहेर आणि सून घरात, हे उलटे कसे, असेही विचारण्यात आले. सून घरात राहते कारण ते तिचे घर आहे. हे असेच लिहावे असे मी सांगितले.

त्यांच्या लग्नाला माझी संमती नव्हती, हेही लिहून घ्यावे. मला ती मुलगी जरा जास्तच शहाणी वाटली होती. लग्नानंतर बराच काळ आम्ही एकमेकींशी कामापुरतेच बोलत होतो. तेव्हा सुनेच्या प्रेमापोटी सासू वाटेल ते सांगते आहे असा कोणाचा समज होऊ नये.

वादातील मोटरसायकल माझ्या मुलाने सात वर्षांपूर्वी नवी घेतली. क्रूझर म्हणतात त्या जातीची आहे, म्हणजे लांब, बुटकी, सीट खाली आणि पाय पुढे टाकून ऐसपैस बसायचे. पण इंजिन त्या मानाने फार जोरकस, आणि वळणावर ती शर्यतीच्या गाडीसारखी अंग टाकते. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला ती जिन्याखालची जागा अडवणारी एक काळी वस्तू वाटत होती.

मुलाचा मोटरसायकलवाल्या मित्रांचा एक गट होता. त्यांच्याकडे मोठ्या, चकचकीत, लांबून ओळखू येणाऱ्या गाड्या होत्या. पहिल्याच रविवारी मुलगा ही गाडी घेऊन त्यांच्यात गेला. तिथे त्याची थट्टा झाली. ही गाडी ना तळ्यात ना मळ्यात, असे ते म्हणाले. आरामात बसून फिरायचे तर एवढा जोर कशाला, आणि पळवायची तर असे लोळून बसायचे कशाला. त्यातल्या एका जाड्या मित्राने तिला 'घोरपड' असे नाव ठेवले, कारण ती जमिनीलगत पसरलेली दिसते. मुलगा त्यांच्यासोबत हसला. घरी आल्यावर जेवला नाही. थोड्याच दिवसांत त्याने गाडीवर ताडपत्री टाकली आणि त्या गटातल्या सगळ्यांसारखी दुसरी गाडी हप्त्यांवर घेतली. लहानपणापासून त्याला स्वतःच्या ताटातले दुसऱ्याने चांगले म्हटल्याशिवाय गोड लागत नाही. हे वाक्य लिहू नये असे मी म्हटले होते. पण लिहून झालेच आहे, तर राहू द्यावे.

माझी सून घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम देते. पाठीचे, मानेचे, पडून हाड मोडलेले असे तिचे रुग्ण आहेत. तिची स्कूटर वारंवार बंद पडत असे. एकदा तिने मुलाला विचारले, "ती गाडी नुसती उभी आहे. मी चालवू का?"

मुलगा म्हणाला, "तुला झेपणार नाही. पाडशील."

तिने पाडली नाही. टाकीमागच्या मोकळ्या मैदानात ती पहाटे जाऊन शिकली. गाडी माझ्या सुनेच्या चौपट वजनाची आहे, पण सीट खाली असल्याने दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतात आणि वजन सगळे तळाशी आहे. एकदा चालू पडली की वजन गेले कुठे ते कळत नाही, असे सून म्हणाली. गाडी पाहणारा मेकॅनिक तिला म्हणाला होता, "ताई, हिला जपून चालवून रडवू नका. ही बसल्यासारखी दिसते, पण बांधलीय पळायला." घोरपड हे नाव तिनेही तसेच ठेवले. थट्टेचे नाव कशाला, असे मी म्हटले तेव्हा ती म्हणाली, "आई, घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही. चांगलं नाव आहे."

मी गाडीवर कशी बसू लागले, हे विचारण्यात आले. माझी मोठी बहीण टेकड्यांपलीकडच्या वृद्धाश्रमात असे. तिला कमी दिसत होते आणि ती मला माझ्या पावलांवरून ओळखायची. मुलगा मला मोटारीने तिच्याकडे नेणार होता. त्याचे काही ना काही निघत गेले. एका रविवारी मी साडी बदलून, पिशवी घेऊन दारात बसले होते आणि त्याचा फोन आला की आज जमत नाही. सून हेल्मेट हातात घेऊन बाहेर निघाली होती. ती म्हणाली, "आई, बसता का?"

मी नाही म्हटले. मग पिशवीतला डबा पाहिला आणि उठले.

माझ्या एका गुडघ्याची वाटी बदललेली आहे. उंच गाडीवर मला पाय टाकता येत नाही. हिच्यावर आला. टेकडीच्या पहिल्या वळणावर गाडी कलली तशी मी अंग ताठ केले आणि उलट्या बाजूला झुकले. सुनेने पुढे जाऊन गाडी कडेला थांबवली. मला वाटले आता ही मला बोलणार. ती म्हणाली, "तुम्ही तलावावर पोरींना काय सांगायचात? पाण्याशी भांडू नका, असंच ना? मग माझ्याबरोबर झुका. बाकी ती सांभाळते."

पाण्यात नवशिका घाबरला की ताठ होतो आणि ताठ झाला की बुडतो. हे मी शेकडो मुलींना सांगितले आहे, मला कोणी सांगितले नव्हते. पुढच्या वळणाला मी झुकले. ती गाडी वळणात उतरते तेव्हा डगमगत नाही, एकदा धरलेली रेघ सोडत नाही, आणि वळण संपता संपता खालून असा जोर येतो की पाण्यात भिंतीवर पाय मारून निसटावे तसे वाटते. इथे हवालदारांनी विचारले की हे सर्व लिहिणे गरजेचे आहे का. गरजेचे आहे. तक्रारीत या गाडीचे वर्णन 'माझी अत्यंत आवडती, दुर्मिळ मोटरसायकल' असे केले आहे. आवडती कोणाची, हाच प्रश्न आहे.

त्या दिवसापासून बहीण जाईपर्यंत आमचा एकही रविवार चुकला नाही.

टेकडीवर एक चहाची टपरी आहे. तिथे एकदा याच बनावटीची लाल गाडी उभी दिसली. तिचा मालक बेकरीवाला होता, बाह्यांना पीठ लागलेले. तो आमच्या गाडीकडे चालत आला, दोनदा फेरी मारली आणि सुनेला म्हणाला, "तुमच्याकडेपण? मला वाटलं या भागात मीच एकटा वेडा." मग ती दोघे इतका वेळ बोलली की माझा चहा दोनदा झाला. पुढे त्यात एक सुईणबाई आल्या, एक बँडमध्ये कर्णा वाजवणारे आले. यांच्यापैकी कोणाच्याही गाडीला रस्त्यात कोणी वळून पाहत नाही. ते जमले की गाडीच्या खोड्याच जास्त सांगतात. टाकी लहान, गर्दीत उजवी मांडी भाजते, मागची सीट म्हणजे निव्वळ पाट. आपल्या व्रात्य पोराची तक्रार सांगताना आईबापांचा चेहरा जसा होतो तसे त्यांचे चेहरे होतात. सीटबद्दल मी सहमत आहे. मी जाड कापडाची गादी शिवून ती मागे बांधली आहे. ती गादी सध्या गाडीवर आहे आणि ती माझी आहे, हेही नोंदवावे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी मुलगा घर सोडून गेला तेव्हा दुपार होती. मी स्वयंपाकघरात भांडी पुसून फळीवर लावत होते. सून ओट्याला टेकून उभी होती. मुलगा दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिला. तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही तिघेच होतो. सून त्याला एवढेच म्हणाली, "गाडीचं काय?"

तो म्हणाला, "ती घोरपड? ती तूच ठेव. मला नकोय ती. कधीच नको होती."

त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातून तिची किल्ली काढून फ्रिजवर ठेवली. सून म्हणाली, "मग नावावर करून दे." तो म्हणाला, "करू कधीतरी," आणि जिना उतरला. मी बशी पुसत होते ती पुसतच राहिले. कागद झाला नाही. गाडी आजही त्याच्या नावावर आहे, हे मला माहीत आहे आणि सुनेलाही माहीत आहे. पण 'ती तूच ठेव' हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. माझे गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत.

त्यानंतर कंपनीने ही गाडी बनवणे बंद केले. बंद झाल्यावर लोकांना ती चांगली होती असे वाटू लागले. ज्या मित्रांनी नाव ठेवले होते तेच ती शोधत फिरू लागले, असे मला बेकरीवाल्यांकडून कळले. मागच्या आठवड्यात मुलाचा फोन आला. बऱ्याच महिन्यांनी आला म्हणून मी आधी त्याची तब्येत विचारली. तो म्हणाला, "आई, रविवारी गाडी न्यायला येतोय."

मी म्हटले, "तिला विचारलंस?"

"माझ्या नावावर आहे. तिला काय विचारायचं?"

"देताना नाव पाहिलं नव्हतंस का?"

त्याने फोन ठेवला.

काल रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास तो एक छोटा टेम्पो, चढवायची फळी आणि दोन मित्र घेऊन आला. एक जाडा मित्र, ज्याचा उल्लेख वर आहे, आणि दुसरा चष्मेवाला. सून शेजारच्या गल्लीत एका आजोबांचा व्यायाम घ्यायला पायी गेली होती. मी गॅलरीतून टेम्पो पाहिला आणि काठी घेऊन खाली गेले. मुलगा ताडपत्री काढत होता. मी त्याच्या बाजूने पुढे झाले आणि गाडीवर बसले. पुढच्या सीटवर बसले. तिथे मी याआधी कधी बसले नव्हते.

मुलगा म्हणाला, "आई, उतर."

मी म्हटले, "नाही."

"हा काय प्रकार आहे? लोक बघतायत."

"बघू देत."

लोक बघत होते, हे खरे आहे. वॉचमन होता, तळमजल्यावरच्या शिंपीणबाई होत्या, पेपरवाला होता. त्यांना विचारावे.

जाडा मित्र जवळ येऊन म्हणाला, "काकू, उतरा ना. उगीच लागेल तुम्हाला."

मी त्याला म्हटले, "हिला घोरपड तूच म्हणाला होतास ना?"

तो खाली बघू लागला. मग म्हणाला, "काकू, तेव्हा चालवली नव्हती."

मुलाने त्याला गप्प बस म्हटले. मग त्याने एका हाताने हँडल धरले आणि पायाने स्टँड मागे ढकलला. त्याला वाटले असावे की गाडी हलली की मी घाबरून उतरेन. मी उतरले नाही. मी दोन्ही पाय टेकले, पण माझा एक पाय गाडी पेलण्याजोगा नाही. गाडी मुलाच्या बाजूला कलली आणि त्याच्या डाव्या पावलावर पडली. मी घरंगळून फरशीवर बसले. माझे कोपर खरचटले. मला कोणी ढकलले नाही, मुलाने मला हात लावला नाही, हे मी स्पष्ट सांगते. त्याच्यावर खोटा आळ यायला नको.

याच वेळी सून फाटकातून आत आली. ती पळाली नाही. तिने हातातली पिशवी खाली ठेवली, गाडीकडे पाठ केली, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागची कड धरली, खाली बसली आणि पायांच्या जोरावर मागे रेटत गाडी उभी केली. दोन्ही मित्र उभे होते. त्यांना काय करावे ते सुचेपर्यंत काम झाले होते.

गाडी स्टँडवर लावल्यावर तिने तिच्याकडे पाहिलेही नाही. ती मुलाच्या पायाशी बसली, बूट काढला, घोटा दाबून पाहिला आणि म्हणाली, "बोटं हलव." त्याने हलवली. "पाय वर ओढ." त्याने ओढला. ती म्हणाली, "मोडलेलं नाही. बर्फ लाव, आणि दोन दिवस या पायावर भार देऊ नकोस." मग तिने माझे कोपर पाहिले. गाडीचा क्लचचा दांडा वाकला होता, तो तिने शेवटी पाहिला.

तक्रारीत लिहिले आहे की आरोपी पत्नीने हात पिरगाळून ढकलून दिले, पायाला दुखापत केली आणि मोटरसायकल घेऊन पसार झाली. हात पिरगाळला नाही. ढकलले नाही. दुखापत गाडीने केली आणि गाडी त्यानेच पाडली. पसार होण्याबद्दल असे की ती मला मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथून आम्ही दोघी न बोलावता या ठाण्यात आलो. आज पुन्हा बोलावले म्हणून पुन्हा आलो. गाडी या क्षणी तुमच्या आवारात उभी आहे. आल्यापासून तुमचे दोन शिपाई तिच्याभोवती फिरत आहेत आणि त्यातल्या एकाने मला ती किती पळते असे विचारले. मी सांगितले की तुम्हाला न शोभेल इतकी.

काल टेम्पोत बसण्याआधी मुलगा मला म्हणाला होता, "उद्या पोलिसांत तू तिच्या बाजूने बोललीस तर मला आई नाही असं समजेन."

मी त्याला म्हटले, "पाय खाली लोंबता ठेवू नकोस. सूज चढेल."

याशिवाय आमच्यात काही बोलणे झाले नाही.

ठाण्याच्या साहेबांनी मला समजावले की घरातली भांडणे घरात मिटवावी, या वयात मुलाला दुखवून काय मिळणार. मी सांगितले की मला काही मिळवायचे नाही. या गोष्टीला साक्षीदार मी एकटी आहे. मी गप्प बसले तर सुनेवर चोरीचा शिक्का बसेल, आणि रुग्ण तिला घरात घेतात ते तिच्यावर विश्वास ठेवून. चोर म्हटलेल्या बाईला कोणी आपल्या आजारी आईजवळ एकटीला सोडत नाही. मिटवून घेणे म्हणजे दर वेळी एकाच माणसाने गिळणे, असे मी आयुष्यभर पाहिले आहे, केले आहे आणि दुसऱ्यांना शिकवलेही आहे. आता मी तेही शिकवत नाही.

हा जबाब चालू असताना मुलगा लंगडत ठाण्यात आला. साहेबांनी त्याला समोरच्या बाकावर बसवले आणि स्वयंपाकघरातला भाग मोठ्याने वाचून दाखवला. मग विचारले, "असं म्हणाला होतात का?"

मुलाने दुखरा पाय बाकाखाली ओढून घेतला. मी त्याच्याकडे पाहत होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता. शेवटी म्हणाला, "रागात म्हटलं होतं."

साहेब म्हणाले, "म्हटलं होतं ना?"

"हो. म्हटलं होतं."

"किल्ली ठेवलीत?"

"ठेवली."

साहेबांनी तक्रारीचे काय करायचे असे विचारले. तो म्हणाला, ठेवायची नाही. नावाच्या कागदांवर सही कराल का, असे विचारले. तो म्हणाला, करतो. या दोन्ही गोष्टी मी ऐकल्या. त्याने मला आई अशी हाक मारली नाही. मीही बोलावले नाही.

तो बाहेर गेला ते मला या खिडकीतून दिसले. सून गाडीजवळ उभी होती. तो तिथे थांबला, वाकलेल्या दांड्याकडे पाहिले आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते सुनेने मला नंतर आत येऊन सांगितले, म्हणून ते ऐकीव आहे. त्याने विचारले, "वळणात खरंच इतकी चांगली आहे का?" ती म्हणाली, "हो." त्यावर तो रिक्षात बसून गेला. त्याच्या हातात काठी नव्हती. काठी घ्यायला हवी होती.

माझे म्हणणे एवढेच आहे. गाडी सुनेची आहे. ती तिला देण्यात आली, तिने ती ठेवली, आणि कोणी चांगली म्हणायच्या आधीपासून तिला ती चांगली वाटत होती. क्लचचा दांडा दुरुस्त व्हायचा आहे, तेव्हा ती आवारात उन्हात अडकवून ठेवू नये आणि आजच सोडावी, अशी माझी मागणी आहे. विनंती असे लिहिले होते, ते मी बदलून मागणी केले आहे.

माझा हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात सुरुवातीला 'मुलाच्या विरुद्ध' असे शब्द होते, ते मी खोडायला लावले. शेवटी 'सुनेच्या बाजूने' असे होते, तेही खोडायला लावले. बाकी जे उरले ते मी सांगितले तसेच आहे, खरे आहे आणि कोणाच्या दबावाखाली सांगितलेले नाही. खाली मी स्वतः सही करत आहे.